शस्त्रक्रियेनंतर आजोबा बरळतात तेव्हा

१९८६ सालच्या थंडीत पनवेल तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत नेत्रशिबिर भरले होते. मी तेव्हा दुसरीत होते. शाळेला सुट्टी मिळाली याचाच आनंद मोठा. वर्गातले बाक व्हरांड्यात रचून ठेवले होते आणि आत ओळीने अंथरलेल्या गाद्यांवर मोतीबिंदू काढलेले आजी-आजोबा आडवे झाले होते. शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झालेली असे, पण एक डोळा फिरला की दुसराही फिरतो, म्हणून पट्टी दोन्ही डोळ्यांवर. डोके हलू नये म्हणून कानांलगत वाळूच्या पिशव्या. कूस बदलायची नाही, खोकायचे नाही, उठायचे तर मुळीच नाही.

दुसऱ्या रात्री माझे आजोबा ओरडत उठले. "बांधाला खांड पडली! उधाण आत आलं, उठा रे!" आमची शेती खाडीकाठची, खारबंदिस्तीतली. समुद्राचे पाणी बांध फोडून भातशेतीत शिरले की दोन-तीन वर्षे जमीन पिकत नाही. त्या भीतीत त्यांचा जन्म गेला होता. ते डोळ्यांवरची पट्टी ओढू लागले आणि शेजारच्या गादीवरच्या गृहस्थांना "माती टाक, माती टाक" म्हणून हुकूम सोडू लागले. सकाळपर्यंत गावात तीन पक्ष पडले. म्हाताऱ्याला वात झाला, हा पहिला. वेड लागले, हा दुसरा. शाळेमागच्या पिंपळावरचे काहीतरी लागले, हा तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा. आजी कोणत्याच पक्षात नव्हती. ती त्यांचा हात धरून उशाशी बसून राहिली आणि बांध शाबूत आहे, भात घरात आले आहे, हे पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पट्टी सुटली आणि दोन दिवसांत आजोबा पहिल्यासारखे झाले.

मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत चेतापेशींवर काम करते. त्या कामाच्या निमित्ताने वाचन करताना मला बऱ्याच वर्षांनी कळले की आजोबांच्या त्या रात्रीला वैद्यकशास्त्रात चक्क नाव आहे. 'ब्लॅक पॅच डिलिरियम', म्हणजे काळ्या पट्टीचा डिलिरियम. पॅरिसचे नेत्रवैद्य झ्यूल सिशेल यांनी १८६३ मध्येच मोतीबिंदू काढल्यावर वृद्धांना होणाऱ्या या भ्रमाचे वर्णन केले होते. पुढे १९५८ मध्ये वाइसमन आणि हॅकेट या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी यावर एक गाजलेला लेख लिहिला. रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाते शस्त्रक्रियेच्या आधीच जुळलेले असले, तर पट्टीखालच्या अंधारात ते नाते आधार देते आणि भ्रम टळू शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. माझ्या आजीने हा लेख वाचला नव्हता, हे सांगायला नकोच.

डिलिरियम हा शब्द लॅटिनमधून आला. 'लिरा' म्हणजे नांगराचे तास. नांगर तास सोडून भलतीकडे गेला की 'डी-लिरा'. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. मराठीत आपण 'वातात बरळणे' म्हणतो, परिभाषाकोश 'मुग्धभ्रांती' म्हणतो. या लेखात मी डिलिरियम हाच शब्द वापरते, कारण रुग्णालयात तोच तुमच्या कानावर पडेल.

तो ओळखायचा कसा? बरळणे, भास होणे ही त्याची ठळक लक्षणे असली, तरी मुळातला बिघाड अवधानाचा असतो. एका गोष्टीवर लक्ष धरून ठेवण्याची शक्तीच निसटते. हे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक घडते आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहते. सकाळी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी आजोबा व्यवस्थित बोलतात आणि तिन्हीसांजेला मुलाला ओळखत नाहीत. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, ऱ्हास महिने-वर्षे चाललेला असतो. तेथे अवधान बराच काळ टिकते, आठवण जाते. अर्थात दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि ज्याला डिमेन्शिया आहे त्याला डिलिरियम होण्याचा धोका पुष्कळ जास्त असतो.

नुसते भास म्हणजे डिलिरियम नव्हे, याचे एक सुंदर उदाहरण आहे. जिनीव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकीगत लिहून ठेवली. आजोबांचे वय ८९, मोतीबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. पण हे खरे नाही, हे त्यांना स्वतःला पक्के ठाऊक होते आणि त्यांची बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून येणारा मजकूर थांबला की मेंदू कोरा कागद पाहत बसत नाही, स्वतःच चित्रे काढू लागतो. माझ्या आजोबांनाही चित्रे दिसत होती, पण ती चित्रे आहेत हे ओळखणारा पहारेकरी झोपला होता.

हा पहारेकरी कोण? मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी चेतापेशींचे काही पुंजके आहेत. त्यांचे तंतू मेंदूच्या सर्व पृष्ठभागावर पसरतात आणि अॅसिटिलकोलीन हे रसायन सोडतात. स्नायू आकुंचन पावण्याच्या धड्यात तुम्ही या रसायनाचे नाव शिकवले असेल. तेच मेंदूत जागरूकता आणि अवधान टिकवायला लागते. ते अडवले तर काय होते हे आपल्याकडे खेड्यापाड्यात पुष्कळांनी पाहिले आहे. धोतरा! धोतऱ्याच्या बियांतील अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्ये अॅसिटिलकोलीनची जागा अडवून बसतात. धोतरा पोटात गेलेला माणूस हवेतल्या वस्तू वेचू लागतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, त्याच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते. हा डिलिरियमच. वयाबरोबर मेंदूतील ही यंत्रणा आधीच दुबळी झालेली असते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला 'धोतरा' फार थोडा पुरतो. तो औषधांच्या डबीतही असतो. सर्दीवर, खाजेवर सर्रास घेतली जाणारी क्लोरफेनिरामीनची गोळी याच जातीचे काम करते. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली असल्याने ती कोणी डॉक्टरांना सांगतही नाही.

दुसरा धक्का खुद्द शस्त्रक्रियेचा. हाड कापले, स्नायू चिरले की शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि दाह निर्माण करणारी रसायने रक्तात सोडते. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि तेथील संरक्षक पेशीही खवळतात. ताप आला की आपल्याला सुस्ती येते, काही सुचत नाही, हा त्याचाच सौम्य प्रकार. तरुण मेंदू एवढे सोसून नेतो. ऐंशीच्या घरातल्या मेंदूजवळ राखीव शिल्लक कमी असते. त्यात वेदना, उपवास, शरीरातले कमी झालेले पाणी, घटलेले सोडियम, तुंबलेली लघवी, रात्रभर पेटलेले दिवे आणि दर तासाला वाजणारी यंत्रे यांची भर पडली की तोल जातो. बहुधा कारण एक नसते, पाच-सहा छोटी कारणे मिळून ओझे होते. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू शस्त्रक्रियेमुळे एकदम सुटली, तर त्यानेही एक वेगळा आणि जीवघेणा ठरू शकणारा डिलिरियम होतो. घरचे लोक लाजेखातर ही सवय लपवतात. कृपया लपवू नका.

"भूल दिल्यामुळे डोके फिरले" हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. मलाही ते बरीच वर्षे खरे वाटत होते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर केला, तर पूर्ण भुलेपेक्षा डिलिरियम कमी होईल, असा बहुतेकांचा कयास होता. २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील १,६०० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. खुब्याचे हाड मोडलेले हे सर्व रुग्ण पन्नाशीपुढचे होते. डिलिरियमचे प्रमाण कण्यातल्या इंजेक्शनच्या गटात २०.५ टक्के आणि पूर्ण भुलेच्या गटात १९.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. एकट्या भुलेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही.

आतापर्यंत मी आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाबद्दल लिहिले. तो निदान लक्षात तरी येतो. दुसरा प्रकार मूक असतो आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. माझ्या आत्याचे काही वर्षांपूर्वी खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाले. वय ७८. दुसऱ्या दिवशीपासून ती गप्प झाली. हाक मारली की डोळे उघडायची, 'हं' म्हणायची, पुन्हा मिटायची. घास तोंडात तसाच धरून ठेवायची. "आजी अगदी शांत आहेत हो, काही त्रास नाही," असे तिथल्या परिचारिकेने कौतुकाने सांगितले आणि आम्हीही समाधान मानले. मी चेतापेशींवर काम करणारी, मीसुद्धा! तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाल्याचे कळले. तिची शांतता हीच त्याची पहिली खूण होती. म्हाताऱ्या माणसात न्यूमोनिया किंवा रक्तात पसरणारा संसर्ग कधीकधी तापाच्या आधी मेंदूतूनच बोलतो. म्हणून रुग्ण अचानक बरळू लागला किंवा अचानक मिटून गेला, तर "वय झालं आता" म्हणून सोडून न देता त्याच तासाला डॉक्टरांना बोलवायचे असते.

घरच्या माणसाला हे तपासता येईल का? अवधानाची एक साधी कसोटी आहे आणि ती शिक्षकांना आवडेल. वार उलटे म्हणायला सांगायचे : शनिवार, शुक्रवार, गुरुवार... किंवा वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे. सरळ क्रम पाठ असतो, तो झोपेतही म्हणता येतो. उलटा म्हणताना आपण कोठे आहोत हे प्रत्येक पावलाला लक्षात ठेवावे लागते. मात्र ही परीक्षा शस्त्रक्रियेच्या आधी एकदा घेऊन ठेवली पाहिजे. ज्यांना मुळातच उलटे वार कधी जमले नाहीत, त्यांना नंतर नापास करण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांना घरच्या धडधाकट आजी-आजोबांवर हा प्रयोग करायला सांगा. कोणाला महिने जमतात, कोणाला वार, कोणाला फक्त आकडे, याची नोंद करून वर्गात चर्चा करता येईल.

येथे एक गोम आहे. परदेशी प्रश्नपत्रिकांत आजची तारीख, गाव, मजला असे प्रश्न असतात. पनवेल, कामोठे, खारघर येथल्या नव्या इमारतींत मुलाकडे राहायला आलेल्या साताऱ्याच्या किंवा बुलढाण्याच्या आजींना "हे गाव कोणतं?" असे विचारले, तर त्या आपले गाव सांगतात. तारीख त्यांनी आयुष्यात कधी वापरलेली नसते. एकादशी कधी झाली, अमावस्या जवळ आली का, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी, असे विचारले की उत्तर चोख येते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी अशाच जाणिवेने बेतलेली हिंदी मनःस्थिती चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

आता उपायांकडे येऊ. डिलिरियम झाल्यावर तो घालवणारे खात्रीचे औषध आजही नाही. रुग्णाला स्वतःपासून किंवा इतरांपासून धोका असेल तेव्हा डॉक्टर थोड्या काळासाठी शांत करणारे औषध देतात, पण तो इलाज नव्हे. झोपेच्या गोळ्यांनी तर अनेकदा प्रकरण चिघळते. (दारू सुटल्यामुळे झालेला डिलिरियम मात्र अपवाद, तेथे त्याच जातीची औषधे लागतात.) हात बांधून ठेवले की भीती वाढते आणि माणूस जास्त झटापट करतो. खरा इलाज म्हणजे मागचे कारण शोधणे. ते सापडले की नांगर हळूहळू तासावर येतो.

पण तो होऊच नये म्हणून बरेच करता येते, आणि हे आता मोजून दाखवलेले आहे. येल विद्यापीठातल्या शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातला मैलाचा दगड मानतात. सत्तर वर्षांवरचे ८५२ रुग्ण, निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा, निम्म्यांना काही जास्तीच्या गोष्टी. कोणत्या? चष्मा डोळ्यांवर, श्रवणयंत्र कानात. दिवसातून अनेकदा वार, जागा, माणसे यांची आठवण करून देणे. लवकर उठवून चालवणे. पाणी पिते ठेवणे. आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध, मंद संगीत, पाठ चोळणे. पहिल्या गटात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्क्यांना. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, म्हणून शंका घेता आली असती. पण २०१७ मध्ये तैवानमध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७७ वृद्धांवर याचीच सुटसुटीत आवृत्ती वापरली गेली. परिचारिकेने रोज बोलणे, तोंड स्वच्छ ठेवून खाऊपिऊ घालणे, चालवणे, एवढेच. प्रमाण १५.१ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आले. एखाद्या नव्या औषधाने हे केले असते तर त्याच्या जाहिराती झळकल्या असत्या.

येल येथे ही कामे करायला खास शिकवलेले स्वयंसेवक होते. आपल्याकडे खाटेजवळ मुलगी, सून, पुतण्या असतोच. वॉर्डात नातेवाइकांची गर्दी होते म्हणून आपण नाके मुरडतो, पण या बाबतीत ती आपली जमेची बाजू आहे. फक्त त्या माणसाला काम माहीत हवे. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र 'हरवेल' म्हणून घरी ठेवून न देता बरोबर न्यायचे. घरातले घड्याळ, ओळखीची गोधडी न्यायची. रोज एकच-दोन ओळखीची माणसे आळीपाळीने बसवायची, दहा जणांनी एकदम भेटायला जायचे नाही. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. सगळ्या गोळ्यांची यादी, चिठ्ठीशिवायच्या गोळ्यांसह, डॉक्टरांच्या हातात द्यायची. भ्रम झालाच तर वाद घालायचा नाही. "कुठला बांध? काहीतरीच काय!" असे म्हटल्याने बांध बुजत नाही. आपण कोण, आपण कोठे आहोत, हे हळू आवाजात सांगत राहायचे. अतिदक्षता विभागाच्या दारावर ही सगळी माणसे अडतात, ही मात्र खरी अडचण आहे. ऐंशी वर्षांच्या रुग्णाजवळ दिवसातले काही तास घरचे एक माणूस बसू देण्याने संसर्गाचा धोका किती वाढतो आणि भ्रमाचा किती घटतो, याचा विचार प्रत्येक रुग्णालयाने करायला हवा असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवसही याच हिशेबात धरले पाहिजेत. म्हातारी माणसे मरणापेक्षा खर्चाला आणि परावलंबी होण्याला जास्त भितात, पण ते बोलत नाहीत. मुले डॉक्टरांशी बाहेरच्या बाहेर ठरवून टाकतात आणि ज्याचे पोट कापायचे आहे त्याला शेवटी कळते. जाग येईल तेव्हा नाकात नळी असेल, तोंड सुकलेले असेल, यंत्राचा आवाज येत असेल, हे आधी सांगितले असेल तर त्या नळीची दोरी होत नाही आणि परिचारिकेचा दरोडेखोर होत नाही.

मोतीबिंदूच्या बाबतीत गंमत अशी झाली की काळ्या पट्टीचा डिलिरियम मनोविकारतज्ज्ञांनी हटवला नाही, शल्यचिकित्सकांनी हटवला, आणि तोही जाता जाता. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची रीत काढली. पूर्वी दहा-बारा मिलिमीटरची चीर लागे, ती दोन-तीन मिलिमीटरवर आली. टाके गेले, वाळूच्या पिशव्या गेल्या. आज पनवेलच्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटमध्ये किंवा नवीन पनवेलच्या शंकरा नेत्ररुग्णालयात मोतीबिंदू काढलेली माणसे सहसा त्याच दिवशी, दुसऱ्या उघड्या डोळ्याने रस्ता पाहत घरी जातात. अंधार नाही, जखडून पडणे नाही, परके छप्पर नाही. कारणे गेली, आजार विरला. खुब्याच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेत असे एका रात्रीत होणार नाही, पण तेथेही सुरुवात याच तीन गोष्टींपासून करता येते.

घरी आल्यावर काय? बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो. काहींची विचारशक्ती मात्र मंदावलेली राहते. साठीपुढच्या १,२१८ रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने २५.८ टक्के आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के जणांची स्मरण-विचाराच्या चाचण्यांतील कामगिरी घटलेली आढळली. हिशेबात चुका, औषधे विसरणे, पेपर वाचायचा सोडणे, अशा खुणा महिना-दोन महिने दिसत राहिल्या तर पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवे. खिन्नतेकडेही लक्ष ठेवावे. पुष्कळांना भ्रमातले सगळे आठवत असते आणि त्याची लाज वाटते. आपल्याला वेड लागले होते असे त्यांच्या मनात घर करते आणि ते कोणाला विचारत नाहीत. हा शरीराच्या आजाराचा भाग होता आणि तो गेला, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते.

माझ्या आजोबांना हे कोणी सांगितले नाही. नवा जाड चष्मा लावून ते पुढे नऊ वर्षे शेतावर गेले. शाळेतल्या त्या रात्रीचा विषय निघाला की मात्र उठून ओटीवर जाऊन बसत. एकदाच, मी दहावीत असताना, मला म्हणाले, "पाणी आलं होतं गो. मी पायाने चाचपलं होतं, गार लागलं होतं." शाळेतली फरशी डिसेंबरात किती गार असते, ते मला ठाऊक होते.